गुरुवारची भक्ती

मंडळी, सलाम.

तो माईक जरा बाजूला घ्या बाबा. उसाच्या फडात या बांधावरून त्या बांधाला हाका मारण्यात माझा जन्म गेला. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्यालाबी ऐकू जाईल.

या चर्चचे पाळकसाहेब म्हणले, सोजराबाई, शांतवनभाऊंबद्दल तुमी बोला. बोलते. पण जड जातंय. रडू येतंय म्हणून न्हाई. रडायचं ते मंगळवारी कबरीपाशी रडून घेतलं. जड कावून जातंय, तर मी तोंड उघडलं की मधीच "वहिनी, चुकताय तुमी" म्हणणारा माणूस आज इथं न्हाई. इतकी वर्षं वाटायचं, हा माणूस एकदाचा गप बसंल तर बरं. आता बसलाय गप. बरं न्हाई वाटत.

बीडहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. शांतवन माझा धाकटा दीर. माझे मालक तरणेपणीच गेले, तवापासून मी शांतवनच्या टोळीत. दिवाळी झाली की टोळी गाडीत बसायची, खाली कारखान्याच्या मुलखात जायची, ऊस तोडायची, आन् उन्हं तापली की परत. इथं बसलेल्या निम्म्या घरांचं आजबी तसंच हाय. त्याच्यात लाजायचं काय न्हाई आन् मिरवायचंबी काय न्हाई.

आता गेलेल्या माणसाला पंख लावायची आपल्यात रीत हाय. मी लावणार न्हाई. शांतवन हट्टी होता. गळा असा, की त्यानं गीत धरलं की बैल कान पाडायचे. या देवळात उपदेश सुरू झाला की त्याची मान खाली जायची, आन् ती प्रार्थनेनं न्हवं, झोपेनं. मी एकदा त्याला मधल्या वाटेतून खूण केली, उठ म्हणून. बाहेर आल्यावर म्हणतो, "वहिनी, झोपलो न्हवतो. पाळकसाहेब सांगतेत ते डोळे मिटून बघत होतो." घोरत बघत होता!

हसा, हसा. हसायला बंदी न्हाई.

पण एक गोष्ट त्या माणसाला कळलती. भक्ती म्हणजे काय, हे त्याला कळलतं. आन् मी आज उभी राहिले ती तेवढ्यासाठीच. कारण उद्या सकाळी टोळी निघतेय.

मंगळवारी माती झाली, लोक पांगले. शांतवनचा पोरगा याकोब हौदावर फावडं धूत होता. धुऊन झालतं, तरी धूतच होता. मी म्हणलं, "याकोबा, चल घरी." बापाला तो दादा म्हणायचा. तर म्हणला, "मोठी आई, दादा गेला. आता फडातली भक्तीबी गेली."

"कावून?"

"कोण घेणार? मला बोलता येत न्हाई. शास्त्रातलं मला काय सांगता येत न्हाई. चार माणसांत तोंड उघडून प्रार्थना केलेली न्हाई मी कदी."

"तुझा दादा लई शिकलेला होता का?"

"दादाची गोष्ट निराळी."

ओल्या कबरीपाशी भांडू नये. आज बोलते. याकोब तिकडं दारापाशी बसलाय, चपला सोडतेत तिथं. बस बाबा तिथंच. ऐकू येतंय न्हवं?

दादाची गोष्ट निराळी न्हवती. कशी न्हवती, ते सांगते.

शांतवनला गावात "गुरुवाऱ्या" म्हणायचे. पोरांनो, तुमीबी म्हणता. पण हे नाव कावून पडलं, ते तुमाला कुणी सांगितलं न्हाई.

बैलगाड्यांचा काळ. मोबाईल न्हवते. आन् फडात, मंडळी, वार नसतो. गावात वार हाय. भक्तीचा वार हाय, शाळेचा वार हाय. फडात दोनच वार. कारखाना चालू, आन् कारखाना बंद. त्या साली आमी नव्या मुलखात गेलतो. वाटेत गाडी मोडली, अवकाळी पाऊस लागला, एका गावच्या शाळेच्या वट्ट्यावर पडून राहिलो. पोचलो, राहायला उसाच्या पाचटाच्या कोप्या घातल्या, तोड सुरू झाली, आन् मंग ध्यानात आलं, वाराचा धागा हातातून सुटला. आज कोणता वार, कुणालाच सांगता येईना. मुकादमाला विचारावं, तर तो म्हणणार, तुमाला वार कशाला पायजे?

शांतवन म्हणला, रविवार धरलाच पायजे.

मंग एक दिवस शेजारच्या गावात बाजार भरलेला दिसला. पाट्या डोक्यावर घेऊन बायका चालल्यात, शेरडं चालल्यात, कोंबड्या उलट्या टांगून माणसं चालल्यात. शांतवन ओरडला, "घावला! आज रविवार!" कावून? तर आपल्या गावचा बाजार रविवारी. कळायला लागल्यापासून बघितलंय, भक्तीतून उठायचं आन् भाजी घेऊन घरी यायचं. आमाला वाटलं, सगळ्या जगात बाजार रविवारीच भरत असंल.

झालं. तिथून दर बाजाराला आमची भक्ती. बाजाराची माणसं रस्त्याला लागली की शांतवन दोन कोयते घ्यायचा आन् पाठीला पाठ वाजवायचा. टण, टण, टण. तीच आमची घंटा. उसातून एकेक माणूस बाहेर यायचं, अंगाला उसाच्या पानांची काटेरी कूस चिकटलेली, हाताला चिरा. आन् मंग त्याची एक रीत होती. बसायच्या आधी सगळ्यांनी कोयते भुईवर ठेवायचे. एका ओळीत. धार मातीकडं आन् मूठ आपल्यापासून लांब. बसल्या जागी हात पोचू नये अशी. मंग हात उताणे करून मांडीवर.

मी इचारलं, "हे काय नवीन काढलं? असं कोणत्या देवळात असतं?"

म्हणला, "वहिनी, कोयता हातात असला की आपण मुकादमाचे. खाली ठेवून तर बघू, आपण कुणाचे हाव."

गीत व्हायचं, बैल कान पाडायचे. प्रार्थना व्हायची, ती दोन-चार वाक्यांची. मंग बराच वेळ गप बसायचं. आमेन. उठायचं, कोयता उचलायचा, परत उसात. एवढीच भक्ती.

हंगाम संपत आला. मी त्या बाजारात शेवगा घेत होते. भाजीवालीला बोलता बोलता म्हणलं, "आमच्याकडंबी बाजार रविवारीच असतो." ती म्हणली, "मावशी, ऊन लागलं का तुमाला? आज गुरुवार हाय."

मी शेवगा तिथंच टाकला आन् पळत आले. शांतवनला सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. टोळीत रडारड सुरू झाली. सगळ्या हंगामाची भक्ती वाया गेली म्हणून बायका कपाळ बडवायला लागल्या. एक तर म्हणली, आता देवाला परत सगळी करून द्यावी लागती का काय.

गावाला आलो. तवाचे पाळकसाहेब म्हातारे, करडे. देवळात चप्पल वाजली तरी मागं वळून बघायचे. शांतवननं त्यांच्यापुढं उभं राहून सगळं सांगितलं. लपवलं न्हाई. साहेब म्हणले, "अख्खा हंगाम? गुरुवारी?"

"हां साहेब. वार चुकला आमचा." आन् मंग मान खाली घालूनच म्हणला, "पण एक सांगू का? तो आलता. दर बाजाराला आलता. आज गुरुवार हाय, हे त्याला कुणी सांगितलं नसंल."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुसत बसले. मंग म्हणले, "शांतवन, तो आला असंल तर वाराचं त्याचं तो बघंल. पण तू आता रविवार चुकवू नको. इथली माणसं रविवारी बसतेत, तू एकटा गुरुवारी बसलास तर ती भक्ती न्हवं, तो हट्ट." बरोबर बोलले. शांतवननंबी ऐकलं. हट्टी होता, पण खरं कळलं की ऐकायचा.

तवापासून गुरुवाऱ्या. त्याला कदी लाज वाटली न्हाई त्या नावाची. उलट कुणी नुसतं शांतवन म्हणलं, तर तो वळूनबी बघत न्हवता.

आता तुमी म्हणाल, म्हातारी शोकसभेत हसवायला लागली. बरं. दुसरं सांगते.

एका साली भर दुपारी माझी कोपी जळाली. पाचटच ते, चुलीतली ठिणगी पुरली. मी उसात. धूर बघून पळाले तोवर राख. पीठ गेलं, गोधड्या गेल्या, दाव्याला बांधलेलं शेरडू गेलं. माझ्या मालकांचा एकच फोटो होता. पत्र्याच्या पेटीत जपला होता. पेटी तेवढी राहिली, काळी झालेली.

दुसऱ्या दिवशी टण टण झालं. मी उठले न्हाई. राखेपाशी बसून राहिले. शांतवन आला.

मी म्हणलं, "मी येत न्हाई. मला आभार मानायचे न्हाईत."

"मानू नका."

"मला काय मागायचंबी न्हाई."

"मागू नका."

"मंग येऊन करू काय?"

"भांडा," म्हणला. "पण वहिनी, समोर बसून भांडा. पाठ करून बसलेल्या माणसाशी कुणी कसं बोलावं?"

मी गेले. कोयता असा आपटला की माती उडाली. हात उताणे ठेवले. आन् मोठ्यानं, सगळ्यांदेखत, देवाशी भांडले. काय काय बोलले ते सांगत न्हाई, इथं क्रूस हाय आन् लेकरंबी हायत. विधवा बाईचं शेरडू जाळून तुला काय मिळालं, इथून सुरुवात केलती, यावरून बाकीचं समजा. कुणी मला गप म्हणलं न्हाई. कुणी शास्त्रातलं काढून समजावलं न्हाई. माझं बोलून संपलं, दम लागला, तवा शांतवन म्हणला, "आमेन."

तेवढंच.

मंडळी, त्या आमेननं माझी कोपी उभी राहिली न्हाई. ती माणसांनी उभी केली, त्याच दुपारी, आपापल्या कोपीचं पाचट काढून. फोटो तर परत आलाच न्हाई. मालकांचा चेहरा आता मला नीट आठवतबी न्हाई, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी एक कळलं. मी राखेशी बोलले असते, तर राख झाले असते. मी कुणाच्या तरी समोर बसून बोलले. माझ्या शिव्यासुद्धा ज्यानं ऐकून घेतल्या, तो समोर होता.

मागायला तर माणूस दुकानातबी जातो. दुकानदाराला आपण भजतो का? भक्ती निराळी. भक्ती म्हणजे त्याच्यासमोर बसायचं. पोट भरलेलं असंल तर तसं, उपाशी असंल तर तसं. राग असंल तर तो घेऊन. आन् कबूल करायचं, की तू मालक हाईस, आन् मी तुझी हाय. बाकी कुणाची न्हाई.

हे "बाकी कुणाची न्हाई" लई महाग असतं बरं का.

इथं भानुदास मुकादम आलेत. बरं केलं आलात. तुमचीच गोष्ट सांगणार हाय, राग मानू नका. मानला तरी चालंल. एकदा भक्ती निम्म्यावर आलती आन् ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. मुकादम बांधावरून ओरडत आले, "उठा बे! गाडी उभी हाय! तुमचा देव येऊन मोळ्या भरणार हाय का?"

शांतवन जागचा हलला न्हाई. म्हणला, "न्हाई मुकादम. मोळ्या आमीच भरणार. आजबी आन् उद्याबी. त्याच्यासाठीच तर बसलोय."

मुकादम आणखी पुढं आले. कोयत्यांची ओळ समोर, आन् मुठी त्यांच्याच बाजूला. एक उचलला, शांतवनच्या हातात कोंबायला. शांतवनचे हात उताणे होते. त्यानं ते मिटले न्हाईत. कोयता घेतला न्हाई, ढकलला न्हाई. नुसते उघडे ठेवले. मी बघत होते, मुकादमाचा हात तसाच मधी थांबला.

आन् तवा ट्रॅक्टरवाल्या रशीदभाईनं इंजिन बंद केलं. तोच रशीदभाई, तो बघा खांबापाशी. वरूनच म्हणला, "मुकादम, जुम्म्याला मी नमाजला जातो तवा गाडी थांबतीच की. आज यांच्यासाठी थांबली. त्यात काय बिघडलं?"

इंजिन बंद झाल्यावर इतकं शांत झालं, की उसाची पानं ऐकू यायला लागली. मुकादमांनी कोयता जिथून उचलला तिथंच ठेवला. धार मातीकडं, मूठ लांब. आन् खाली उकिडवे बसले.

खरं हाय का न्हाई, मुकादम? मान हलवा. हलवली. बघा मंडळी.

त्या दिवशी गाडी भरली ना? भरली. कारखाना बंद पडला का? न्हाई पडला. पण आमच्यातला प्रत्येक माणूस उठला तो मुकादमाच्या हाकेनं न्हाई, आमेन म्हणून उठला. काम तेच, कोयता तोच. उठणं निराळं.

पाळकसाहेब, आता तुमच्याशी बोलते. तुमी तरुण हाव, मोटारसायकलवर बीडहून दर रविवारी येता, उन्हापावसात येता, तुमचा मला आदर हाय. मागच्या रविवारी तुमी म्हणालात, टोळीच्या लोकांनी काळजी करू नये, मी भक्ती मोबाईलवर पाठवीन, ती ऐका. पाठवा. जरूर पाठवा. उपदेश ऐकतील, गीतं ऐकतील, शांतवनपेक्षा बरा गळा कानावर पडंल. पण साहेब, मोबाईल हातात धरावा लागतो. हात रिकामे होत न्हाईत. आन् ऐकणं म्हणजे भक्ती असती, तर बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाची भक्ती झाली असती.

कुणी तरी असंबी म्हणलं, सहा महिन्यांचाच प्रश्न हाय, देव समजून घेईल. घेईल की! देवाला समजण्यात कदी अडचण आलीय? अडचण आपल्याला हाय. सहा महिने पहाटे मुकादम उठवणार, अवेळी गाडी उठवणार, अंग दुसऱ्याचं, झोप दुसऱ्याची. एकदाबी कोयता खाली ठेवला न्हाई, तर चैतात परत येणारा माणूस कुणाचा असंल? तो देवाला वळखू येईल. पण त्याला सोताची वळख राहील का?

याकोबा. आता तू.

तुला बोलता येत न्हाई. मान्य. तुझ्या आईच्या पोटातूनच तू कमी बोलत आलास. तुला शास्त्र सांगता येत न्हाई. तेबी मान्य, मलाबी येत न्हाई. मी दुसरी शिकले, तीबी निम्मी. पण मला एवढं सांग. दोन कोयते पाठीला पाठ लावून वाजवता येतात का न्हाई? कोयता खाली ठेवता येतो का? हात उताणे करून गप बसता येतं का? गप बसण्यात तर तू दादाचाबी बाप हाईस. आन् शेवटी आमेन म्हणता येतं का?

झालं की मंग! दादा याच्यापरीस जास्त काय करत होता? गायचा. ते तू न गायलास तर बैल उपकार मानतील.

तुला वाटतं, दादा भक्ती करायचा आन् आमी ऐकायचो. न्हाई रं बाबा. तो नुसता जागा करायचा. बसायचे सगळे. येणारा येत होता.

मंडळी, मी शांतवनचे दोन कोयते आणलेत. या फडक्यात हायत. घाबरू नका, धार गेलेली हाय त्यांची. हे बघा, इथं भुईवर ठेवते. पाळकसाहेब, जरा पाय मागं घ्या.

आता तुमच्या हातात जे असंल ते खाली ठेवा. मोबाईल, चाव्या, रुमाल, काठी. मुकादम, ती डायरीबी. सगळं. मूठ आपल्यापासून लांब. हात उताणे मांडीवर. ज्यांचा देव निराळा हाय त्यांनी आपल्या देवासमोर बसा, रशीदभाई, हात रिकामे करायला कुणाचीच मनाई न्हाई. आपण गप बसू. किती वेळ, ते मी सांगत न्हाई. याकोब आमेन म्हणंल तवा उठायचं. तो म्हणंपर्यंत कुणी उठायचं न्हाई, मंग इथंच जेवायची वेळ झाली तरी चालंल.

उठ याकोबा. ये पुढं. वाट द्या रं त्याला.

काय म्हणतोस? मोठ्यानं बोल.

आज रविवार न्हाई म्हणतोस?

ठाऊक हाय मला. आज गुरुवार हाय. आन् तो येतो. त्याला तुझ्या दादानं सवय लावलीय.

शांतवन, भावजी, सलाम. आज मधी बोलला न्हाईत, त्याअर्थी माझं चुकलं नसंल.

वाजव रं, याकोबा.